आठ वाजताचं कॉर्टिसॉल

कॉर्टिसॉलची तपासणी लिहून दिली असेल तर रक्त सकाळी आठच्या सुमाराला काढायचं, हा आमच्या लॅबच्या धंद्यात सुरुवातीलाच शिकवला जाणारा नियम. काही डॉक्टर दुपारी चारचंही मागवतात. कारण अधिवृक्क ग्रंथीतून सुटणारं, जागेपणाशी आणि ताणाशी जोडलेलं हे संप्रेरक दिवसभर एका पातळीला राहत नाही. मध्यरात्रीच्या आसपास ते तळाला असतं, पहाटे चढायला लागतं, जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात आणखी एक उसळी घेतं आणि मग थोडं वरखाली करत दिवसभर उतरत जातं. सकाळचा आकडा साधारण 5 ते 25 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असला की रिपोर्टवर ठळक अक्षरं येत नाहीत. संध्याकाळी तो बराच खाली आलेला असावा लागतो.

नियमात खोट काही नाही. फक्त खुर्चीत बसलेला माणूस रात्री झोपला होता, एवढं त्यात धरून चाललेलं आहे.

सांगली जिल्ह्यात कारखान्यांचे बॉयलर पेटले की हे धरून चालणं अवघड होतं. हंगामात आमच्या लॅबच्या बाकावर सकाळी सातपासून जी मंडळी बसलेली असतात, त्यातली कितीतरी रात्रभर जागी असतात. साखर कारखान्याचे लोक, मिरजेतल्या दवाखान्यांमधल्या सिस्टर आणि वॉर्डबॉय, जंक्शनवरचे रेल्वेवाले, कुपवाडच्या एमआयडीसीतून तिसरी पाळी करून आलेले. मागच्या हंगामातला एकजण अजून डोळ्यांसमोर आहे. दंडाला पट्टा बांधला तर कोपराच्या घडीत बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, बारीक भुसा अडकलेला. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, बोळा पिवळट झाला. त्याची पाळी पहाटे चारला सुटली होती. घरी जाऊन आडवा झालो असतो तर उठलोच नसतो, म्हणून थेट इकडं आलो, म्हणाला. मधले तास स्टँडवर काढले होते. "उपाशीपोटी आहे ना?" मी विचारलं. "व्हय की. दोनला मूठभर भडंग खाल्लंय, तेवढंच."

फॉर्मवर फास्टिंग शुगर आणि कॉर्टिसॉल, दोन्ही होतं. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास, त्यामुळे शुगर त्या दिवशी बाद. कॉर्टिसॉलचं काय करायचं? भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले होते. त्याच्या अंगात किती वाजले होते, हे भरायला आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रकाना नाही.

हे अंगातलं घड्याळ मेंदूच्या तळाशी असतं. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका आहे. कारखान्याचा भोंगा झाला की सगळा गाव आपापली कामं त्यावर लावून घेतो, तसं यकृत, स्वादुपिंड, अधिवृक्क ग्रंथी या पुंजक्याच्या इशाऱ्यावर आपापलं घड्याळ लावतात. गंमत म्हणजे या पुंजक्याचा स्वतःचा दिवस बरोबर चोवीस तासांचा नाही. अमेरिकेतल्या चार्ल्स साइस्लर यांच्या गटाने 1999 मध्ये मोजला तेव्हा तो सरासरी 24 तास 11 मिनिटांचा भरला. रोज थोडं मागे पडणारं हे घड्याळ रोजच्या उजेडाने पुढे सारलं जातं. उजेडाची ही खबर देणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यात वेगळ्याच आहेत, त्या 2002 मध्ये सापडल्या. दिसण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. निळसर उजेड किती आहे, एवढंच त्या पुढे कळवतात.

रात्रपाळी या सगळ्याला सरळ उलटं करत नाही. उलटं केलं असतं तर बरं होतं, माणूस निदान एकसंध तरी राहिला असता. ती त्याची फाळणी करते. काही संप्रेरकं झोपेच्या मागे जातात. वाढीचं संप्रेरक पहिल्या गाढ झोपेबरोबर सुटतं, प्रोलॅक्टिनही झोपेबरोबर चढतं. दिवसा झोपलात तर ती बऱ्यापैकी दिवसा येतात. कॉर्टिसॉल आणि रात्र झाल्याची खबर अंगभर देणारं मेलाटोनिन मात्र घड्याळाची माणसं. तुम्ही झोपा नाहीतर बॉयलरपुढे उभे राहा, ती आपल्या वेळेला येणार. थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच दोघांच्या कात्रीत असतं. घड्याळ त्याला रात्री वर ढकलतं, झोप त्याला दाबून धरते. रात्रभर जागलेल्या माणसाला ही दाबणारी झोपच मिळत नाही. म्हणून एखाद्या नाइटवाल्याचं टीएसएच काठावर आलं की गोळी सुरू करण्याआधी काल कुठं होता, हे विचारायला हवं असं मला वाटतं. पण मी पडलो तंत्रज्ञ. रिपोर्टखाली सल्ला लिहायचा मला अधिकार नाही.

2009 मध्ये बोस्टनला एक प्रयोग झाला. दहा निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांचा दिवस 28 तासांचा केला. जेवण, झोप, सगळं त्या हिशोबाने. त्यामुळे काही दिवसांत त्यांची जेवणं आणि झोप शरीरघड्याळाच्या बरोबर उलट बाजूला जाऊन पडली. तेव्हा पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन 17 टक्क्यांनी उतरलं, इन्शुलिन 22 टक्क्यांनी वाढूनही रक्तातली साखर 6 टक्के चढलीच आणि कॉर्टिसॉलची लय झोपेच्या मानाने पुरती पालथी झाली. काहींची जेवणानंतरची साखर तर मधुमेहाच्या उंबऱ्यावर गेली. चांगले धडधाकट लोक होते ते. आमच्या बाकावरच्या माणसाला त्यात गूळ घालून चहा, हातगाड्यावरचा वडापाव आणि तंबाखूची जोड असते.

आता आमच्या आण्णांकडे येतो.

माझे वडील एका सहकारी साखर कारखान्यात पॅनवर होते. पॅनमन म्हणजे रस आटवून पाकात साखरेचा दाणा धरणारा माणूस. नळीतून जरासा पाक काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि ट्यूबलाइटसमोर तिरका धरून दाणा बघायचा. बारीक आहे का, एकसारखा आहे का, मध्येच नवा चुरा पडायला लागलाय का. त्यावर वाफ किती द्यायची, रस किती ओढायचा ते ठरतं. यंत्रं आली तरी काचेवरचा दाणा वाचणारा डोळा लागतोच. पाळ्या पहाटे 4 ते दुपारी 12, 12 ते रात्री 8, 8 ते पहाटे 4, आणि दर आठवड्याला बदल.

लहानपणी आम्हाला आण्णांची पाळी कॅलेंडर न बघता कळायची. पहाटेची पाळी असली की घरात माणूस हसरा. गजराशिवाय तीनला उठणार, अंघोळ, चहा, सायकल. दुपारी येऊन जेवून पोरांना पाढे विचारणार, तेही चेष्टा करत. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात तेच आण्णा भांडं पडलं तरी अंगावर यायचे. पहाटे साडेचारला घरी येऊन झोपायचे आणि सहा-साडेसहाला डोळे टक्क उघडे. पुन्हा झोप नाही. मग दिवसभर घरात तापलेला तवा. आई आम्हाला बजावायची, "त्यांचा स्वभावच कडक आहे, वाटेला जाऊ नका." सगळ्या भावकीत आण्णा तापट म्हणून प्रसिद्ध. लग्नाच्या बैठकीला त्यांना नेताना लोक दोनदा विचार करायचे.

निवृत्त झाल्यावर वर्षभरात हा माणूस मऊ पडला. नातेवाईक म्हणतात, वय झालं, स्वभाव निवळला. आईचं मत, नातवंडं आली म्हणून. माझं मत वेगळं आहे. स्वभाव होता तिथेच आहे, पाळी सुटली.

हे मी निव्वळ मुलगा म्हणून बोलत नाही. काही माणसं पहाटेची असतात, काही रात्रीची, आणि ही आवडीनिवडीची बाब नाही, हे आता पुरेसं पक्कं झालंय. जिम हॉर्न आणि ओलॉव्ह ऑस्टबर्ग यांनी 1976 मध्ये 19 प्रश्नांची एक प्रश्नावली केली. तिच्यात 16 ते 86 गुण पडतात, जास्त गुण म्हणजे पहाटेचा माणूस. पहाटेच्या माणसांचं शरीराचं तापमान लवकर चढतं, मेलाटोनिन लवकर येतं, कॉर्टिसॉलही लवकर शिखराला जातं. म्हणजे दोन माणसं एकाच पाळीवर, एकाच पॅनसमोर उभी असली तरी दोघांच्या रक्तात दोन वेगवेगळ्या वेळा चाललेल्या असतात. यात वयही येतं. विशीच्या आसपास माणूस सगळ्यात जास्त रात्रीचा असतो, पुढे हळूहळू पहाटेकडे सरकतो. म्हातारी माणसं चारला उठून खुडबुड करतात आणि कॉलेजातली पोरं दहाला उठवूनही उठत नाहीत, त्यात संस्काराचा भाग आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे.

त्याआधी, 1967 मध्ये, ब्लेक नावाच्या ब्रिटिश संशोधकाने वेगळ्या वाटेने जाऊन बघितलं होतं. आपल्यात राहणारी माणसं आणि चारचौघांत रमणारी माणसं, यांचं दिवसभराचं तापमान त्याने ताडून पाहिलं. आपल्यात राहणाऱ्यांचं सकाळी लवकर चढत होतं. मग काही वर्षं या धाग्याचा बराच पाठपुरावा झाला, की बोलका माणूस रात्रपाळीला लवकर रुळतो का. थोडंफार दिसलंही. पण पुढे लक्षात आलं की बोलका-अबोल यापेक्षा पहाटेचा-रात्रीचा हा फरक जास्त वजनाचा आहे. मला जास्त पटला तो सायमन फोकार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांचा 1979 चा विचार. त्यांनी दोन गोष्टी विचारायला सुरुवात केली. अवेळी झोपायला मिळालं तर तुम्ही झोपू शकता का? आणि झोप येत असताना ती झटकून कामाला लागू शकता का? नाइट झेपणार की नाही, हे या दोन उत्तरांत पुष्कळसं येतं. आण्णा दुसऱ्यात पहिल्या नंबरचे, पहिल्यात नापास.

आमच्या घरात पहिल्या प्रश्नात पैकीच्या पैकी घेणारी माझी बायको आहे. मिरजेत एका दवाखान्यात स्टाफ नर्स. सकाळी आठला नाइट संपवून, हँडओव्हर देऊन, स्कूटीवरून डिग्रजला घरी येते, चहा पिते आणि पडदा ओढून दुपारी तीनपर्यंत झोपते. शेजारी बोअरची गाडी लागली तरी तिला पत्ता नसतो. मिरजेहून आमच्याकडे येताना सकाळचं ऊन पाठीवर असतं, डोळ्यांत नसतं, ही एक तिच्या नशिबाची गोष्ट. तरी ती गॉगल लावते, माझ्या सांगण्यावरून. रात्रपाळीचं शरीर रात्रपाळीला जुळत नाही त्याचं मोठं कारण हेच, की घरी जाताना उन्हाचा मारा होतो आणि मेंदूतला पुंजका म्हणतो, सकाळ झाली, चला. कायम नाइट करणाऱ्यांचंही घड्याळ पुरतं फिरलंय असं क्वचितच आढळतं. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर दोन-दोन आठवडे रात्रीच काम करणाऱ्यांचं मात्र बऱ्यापैकी फिरलेलं सापडलं. तिथे घर पन्नास पावलांवर, वाटेत ऊन नाही आणि शेजारचा बोअरही नाही.

हीच बायको मॉर्निंग ड्यूटी लागली की ओळखू येत नाही. सहाला उठून डबा करताना तिच्याशी बोलणं म्हणजे भांडण विकत घेणं. आण्णा चारपासून उठून बसलेले, त्यांना सहाला गप्पा मारायच्या असतात. सून उत्तर देत नाही म्हणून त्यांनी एकदा आईपाशी शब्द टाकला, "पोरगी घुमी आहे जरा." आणि नाइटच्या आठवड्यात संध्याकाळी सातला ती डबा भरत भरत सगळ्या वॉर्डाच्या नकला करून दाखवते तेव्हा आण्णांचे डोळे मिटायला लागलेले असतात. दोघांनी एकमेकांना चांगलं जागं असताना फारसं पाहिलेलंच नाही.

यावर अभ्यासकांमध्येही एक घोळ आहे आणि तो मला मोठा वाटतो. काळजी करणाऱ्या, चटकन अस्वस्थ होणाऱ्या लोकांना पाळ्या सोसत नाहीत, असं पुष्कळ पाहण्यांत दिसतं. पण पाळीवर असलेल्या माणसाला आज प्रश्नावली देऊन 'तुम्ही चिडके आहात का' विचारलं, तर उत्तर कोण देतंय, त्याचा स्वभाव की मागच्या पाच रात्री? पहाटेची माणसं जास्त नेकीची, जबाबदार असतात, असंही पुन्हा पुन्हा सापडतं. शाळा सातची, परीक्षा आठची, साहेबाची हजेरी नऊची असलेल्या जगात पहाटेचा माणूस जबाबदार दिसणारच की. दवाखाना रात्री दोनला परीक्षा घेत असता तर माझी बायको सुवर्णपदक घेऊन आली असती.

स्वभाव बाजूला ठेवून बघायचं असेल तर एक जागा आहे, डोक्याचे केस. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना कॉर्टिसॉलची नोंद पोटात ठेवतो. म्हणजे तीन सेंटिमीटर केसात तीन महिन्यांचं कॉर्टिसॉल, आठ वाजताची अट नाही. 2011 मध्ये नेदरलँड्समध्ये असं मोजलं, तेव्हा पाळीवाल्यांच्या केसात ते दिवसपाळीवाल्यांपेक्षा जास्त निघालं. ठळक फरक चाळिशीच्या आतल्यांत होता आणि त्यांचं वजनही जास्त होतं. आमच्याकडे ही तपासणी होत नाही, पण वाचल्यापासून कारखान्याच्या तरुण पोरांच्या डोक्याकडे माझी नजर जाते.

पाळ्या कशा फिरवायच्या, यावरही बोलायला हवं, कारण त्यात पैसा लागत नाही. आण्णांच्या कारखान्यात रात्रीनंतर दुपार, दुपारनंतर पहाट असा फेरा होता. म्हणजे दर आठवड्याला शरीराला सांगायचं, आठ तास लवकर उठ. मूळचंच मागे रेंगाळणारं घड्याळ पुढे ओढायला जड जातं, मागे ढकलायला सोपं. पहाट, मग दुपार, मग रात्र असा फेरा त्या मानाने सोसतो. साइस्लर यांच्याच गटाने 1982 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात फेऱ्याची दिशा फिरवली आणि आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदल ठेवला. कामगार खूश झाले आणि उत्पादनही वाढलं. जर्मनीतल्या एका पोलाद कारखान्यात तर पहाटेच्या माणसांची रात्रपाळी आणि रात्रीच्या माणसांची पहाटपाळी काढूनच टाकली, 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कामाच्या दिवसांतली झोप सुधारली.

आपल्याकडे हे कुणी केलं नाही असं नाही. फक्त कागदावर केलं नाही. आण्णांबरोबर एक जोडीदार होता, गावाकडच्या तमाशाच्या फडात रात्री जागलेला, पक्का निशाचर. आण्णा त्याची पहाट घ्यायचे, तो आण्णांची रात्र. टाइमकीपर बघून न बघितल्यासारखं करायचा. पुढे नवा साहेब आला, त्याने हे बंद केलं. शिस्तीच्या दृष्टीने त्याचं बरोबरच होतं, रजिस्टरवर एक नाव आणि पॅनवर दुसराच माणूस हे कुठला साहेब चालू देईल. पण आईच्या बोलण्यात 'त्यांचा रागीटपणा वाढला ती वर्षं' म्हणून जी येतात, ती त्यानंतरची.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये, आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून, रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलंय. ही बातमी मी घरात कुणाला सांगितली नव्हती. बायकोला वॉर्डातच कळली. ती म्हणाली, "मग काय, पेशंटनी रात्री मरायचं का?" याला माझ्याकडे उत्तर नाही. कुणीतरी जागायलाच हवं. पण कुणी जागायचं याचा विचार करायला हरकत काय, एवढंच माझं म्हणणं.

पाळीवाल्याला निदान भत्ता असतो. शेतकऱ्याला तोही नाही. आमच्याकडे शेतीपंपाची वीज आळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रीची लाइट असली की माणूस रात्री उसात पाणी पाजायला जाणार. बॅटरी, गमबूट, पाठीवर खोरं आणि मनात साप-बिबट्या. गावोगावचे हजारो लोक असे रोजगाराच्या कुठल्याच पटावर नसलेली फिरती पाळी करतात, तीही उलट्या-सुलट्या फेऱ्याने. दिवसा वीज द्या ही मागणी सगळे करतात, ती सापाच्या आणि थंडीच्या नावाने. संप्रेरकांचं नाव त्यात कुणी घेत नाही.

माझ्या मताचा पुरावा मला तिथेच मिळाला. आण्णा निवृत्तीनंतर शेत बघायला लागले, आणि रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात घरात पुन्हा जुने आण्णा दिसायला लागले. तोच तवा. नातू पाढा चुकला तर ओरडा. मी मांडणी करून सांगितली, कॉर्टिसॉलपासून सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या रक्तात काय असंल ते असू दे, सरीला पाणी कोण लावणार?"

शेवटी तोडगा बायकोने काढला. नाइट ऑफचा दिवस रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात पडला तर ती आणि मी पाण्याला जातो. मी बांधावर पेंगतो, ती दारं धरते. बाकीच्या रात्री मी आणि चुलतभाऊ. आण्णांकडे पहाटेची धार आणि नातवाची शाळा. त्यांचा राग बराच उतरलाय, पण तक्रार आहेच. सुनेने लावलेलं पाणी टोकापर्यंत पोचत नाही, हे ते सकाळी सहाला शेतावर जाऊन बघून येतात आणि सहा वाजताच तिला सांगायला येतात. मागच्या वेळी तिने पांघरुणातूनच उत्तर दिलं, "आण्णा, तीनला सांगा. दुपारी तीनला. सगळं ऐकून घेते."